शिवडी–न्हावाशेवा सेतू : उरणच्या तीरावरून

‘सेतु’ हा शब्द संस्कृतात ‘बांधणे’ या अर्थाच्या ‘षिञ्’ धातूपासून सिद्ध होतो. जो बांधतो तो सेतू. तथापि हे बांधणे दोन प्रकारचे असते. दोन तीरांस एकत्र बांधून माणसास पलीकडे नेतो तो सेतू. आणि पाण्याने मर्यादा सोडून आत येऊ नये म्हणून त्याच्या वाटेत आडवा राहतो तोही सेतूच. छांदोग्य उपनिषदात आत्म्यास सेतू म्हटले आहे, तेथे हा दुसरा अर्थ मनात धरलेला आहे. हे लोक एकमेकांत मिसळून विस्कळीत होऊ नयेत म्हणून त्यांस धारण करणारा तो सेतू, असा त्या वचनाचा आशय. पुढे पुलाचा अर्थ व्यवहारात रूढ झाला आणि बांधाचा अर्थ कोशात राहिला.

आमच्या उरण तालुक्यातील शेतकऱ्यास मात्र तो कोशात शोधावा लागत नाही. भरतीचे खारे पाणी भातखाचरांत शिरू नये म्हणून त्याच्या वाडवडिलांनी मातीदगडांचे बांध घातले, पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडावयास त्यांत उघाड्या ठेवल्या, आणि उधाणात कोठे खांड पडली तर ती बुजविण्यास गावच्या गाव रात्री कंदील घेऊन धावले. हा एक सेतू उरणास पुरातन काळापासून ठाऊक आहे. दुसरा यावयास मात्र फार अवकाश लागला.

तो दुसरा सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते खुला झाला. ‘अटल बिहारी वाजपेयी शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू’ हे त्याचे संपूर्ण नाव. लांबी सुमारे २१.८ किलोमीटर; त्यांपैकी सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर व उरलेली जमिनीवर. मुंबईच्या शिवडीस तो चढतो आणि उरण तालुक्यातील चिर्ले गावाजवळ उतरतो. खुला झाला तेव्हा भारतातील समुद्रावरील सर्वांत लांब पूल अशी त्याची ख्याती झाली, आणि ती यथार्थ होती.

या सेतूविषयी आजवर जे लिहिले गेले ते बहुतेक मुंबईच्या तीरावर उभे राहून. शहराची कोंडी किती फुटेल, पुण्यास किती लवकर पोहोचता येईल, असाच त्या लिखाणाचा रोख असतो. प्रस्तुत लेखकाचे सारे आयुष्य उरणात शिक्षकाच्या पेशात गेले. तेव्हा हाच इतिहास या तीरावरून कसा दिसतो, ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे.

मधले पाणी

नकाशा उघडून पाहिला तर मुंबई व उरण ही समोरासमोरची गावे. मोरा बंदरापासून भाऊचा धक्का सरळ रेषेत तीन-चार कोसांपलीकडे नाही. अंधार पडल्यावर मोऱ्याच्या धक्क्यावरून मुंबईचे दिवे मोजता येतात. उरण हे पूर्वी करंजा बेटाचे मुख्य ठिकाण. १७७४ साली साष्टीबरोबर करंजाही इंग्रजांनी घेतले, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी व घारापुरी यांच्यासह ते त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे पेशवाई बुडण्यापूर्वी छत्तीस वर्षे मुंबईचा धनी तोच उरणचा धनी झाला होता. राज्य एक झाले. मधले पाणी मात्र होते तेथेच राहिले.

त्या पाण्यावरून जाण्याचे साधन म्हणजे आधी मचवे व पडाव, नंतर आगबोटी व लाँच. मोऱ्याच्या बंदरात गाळ फार. पूर्ण ओहोटी असली म्हणजे लाँच धक्क्यास लागणे कठीण होते. यामुळे उरणच्या माणसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा तिथीवर अधिक अवलंबून असे. तिथीस पाऊणने गुणावे म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकण किनाऱ्याचा जुना ठोकताळा. अष्टमीस आठ पाऊण सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती. पाऊणकीचा पाढा शाळेत नकोसा वाटणाऱ्या मुलासही धक्क्यावर तो अचूक येत असे.

पावसाळ्यात वादळाची सूचना लागली की लाँच बंद. अशा दिवसांत कोणाचे दुखणे रात्री उलटले तर दोनच मार्ग उरत : सकाळची वाट पाहावी, किंवा पनवेलवरून ठाण्याचा वळसा घालून मुंबई गाठावी. दुखणे कोणत्या पक्षात आणि कोणत्या ऋतूत यावे, हे रोग्याच्या हाती नसते. पुलाची निकड आम्हांस कोणी पटवून द्यावी लागली नाही, ती या कारणाने.

आणि पाण्याने आपला हिशेब एकदा फार मोठा वसूल केला. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सणासाठी घरी निघालेली माणसे तीत दाटीवाटीने भरली होती. सहाशेंहून अधिक प्रवासी बुडाले. स्वातंत्र्याचा दिवस चार आठवड्यांवर आला असता अलिबाग–रेवसच्या बाजूची घरेच्या घरे ओस पडली. बोटीने जाणाऱ्या मुलाच्या हाती घरातील वडील माणसे नारळ देत व तो खाडीत सोडावयास सांगत, त्यामागे ही आठवण होती.

साठ वर्षांचा विचार

मुंबई ही मुळात बेटेच. तेव्हा तिचा इतिहास हा एका दृष्टीने सेतूंचाच इतिहास होय. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, शीवचा बांधरस्ता होऊन मुंबई साष्टीस जोडली गेली. १८४५ साली माहीमचा बांधरस्ता झाला. १८५४ च्या मे महिन्यात ठाण्याच्या खाडीवरील पुलांवरून आगगाडी कल्याणास पोहोचली. हे सर्व सेतू उत्तरेकडे गेले. पूर्वेस, जेथे समोरचा किनारा डोळ्यांना दिसतो, तेथे मात्र कोणी वळले नाही. कारण त्या बाजूस पाणी रुंद होते आणि जहाजांस वाट मोकळी हवी होती.

स्वातंत्र्यानंतर शहर उत्तरेकडे लांबत गेले तसा या प्रश्नास जोर आला. १९५८ साली नेमलेल्या स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने ठाणे खाडीवर रस्ता व रेल्वे यांचा पूल बांधून मुंबई मुख्य भूमीस जोडावी, अशी शिफारस केली. १९६३ च्या सुमारास विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार संस्थेने मुंबईच्या रहदारीचा अभ्यास केला, तेव्हा बंदर ओलांडून जाणाऱ्या पुलाची कल्पना प्रथम कागदावर आली. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या नियतकालिकात असे मांडले की, मुंबईस उत्तरेकडे ओढत नेण्यापेक्षा बंदराच्या पूर्वेस नवे शहर वसवावे. या विचारातून पुढे १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली व नवी मुंबईची आखणी सुरू झाली.

आता गंमत पाहा. नवे शहर ज्या तत्त्वावर कल्पिले ते तत्त्व हे की, बंदराच्या दोन्ही तीरांवर मिळून एकच नगर व्हावे. असे नगर व्हावयाचे तर त्याच्या मधोमध सेतू हवा. पण नगर आधी झाले आणि मधला सेतू अर्ध्या शतकानंतर. १९७३ साली वाशीचा पूल झाला खरा. प्रस्तुत लेखक तेव्हा प्राथमिक शाळेत होता, आणि आता लाँचची वाट पाहावयास नको असे मोठी माणसे बोलत, ते आठवते. परंतु वाशी उरणच्या उत्तरेस दूर. वळसा लहान झाला, नाहीसा झाला नाही. शिवाय खारी हवा त्या पुलाच्या पोटातील पोलादी तारांना एवढ्या लवकर बाधली की १९९७ साली शेजारी दुसरा पूल उभारणे भाग पडले. समुद्रावर बांधकाम करणाऱ्यांस हा धडा पुढे उपयोगी पडला.

दरम्यान थेट पुलाचे काम कागदांवर चालू होते. १९८० नंतरच्या काळात जे. आर. डी. टाटा यांच्या अध्यक्षतेखालील गटाने शिवडी ते न्हावा ही उत्तरेकडची आखणी पसंत केली. पुढे निविदांचा अध्याय सुरू झाला, तो विनोदी म्हणावा की करुण, हे वाचकांनीच ठरवावे. पूल खासगी भांडवलाने बांधावयाचा व पथकर घेऊन बांधणाऱ्याने आपला पैसा वसूल करावयाचा, अशी योजना होती. जो सर्वांत कमी वर्षे पथकर मागेल त्यास काम द्यावयाचे. २००८ साली निविदा उघडल्या तेव्हा एकाने दहा वर्षांहून किंचित कमी मुदत मागितली होती. दुसऱ्याने पंच्याहत्तर वर्षे! एकाच गणितास वर्गातील दोन हुशार विद्यार्थ्यांनी दहा आणि पंच्याहत्तर अशी उत्तरे आणली, तर शिक्षक दोन्ही पाट्या पुसावयास सांगतो. सरकारनेही तेच केले. २०१३ साली पुन्हा निविदा मागविल्या, त्या वेळी तर मुदत संपेपर्यंत एकही पाटी पुढे आली नाही.

शेवटी खासगी भांडवलाचा नाद सोडून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने जपानच्या ‘जायका’ या संस्थेचे कर्ज घेऊन पूल स्वतः बांधविण्याचे ठरविले. २४ डिसेंबर २०१६ रोजी कोनशिला बसली आणि २०१८ च्या एप्रिलात कामास आरंभ झाला.

पुलाआधी आलेले बंदर

मुंबईच्या तीरावरील इतिहासलेखक येथून थेट बांधकामाकडे वळतात. आम्हांस तसे करता येत नाही. पूल येण्याच्या आधीच उरणचा कायापालट होऊन गेला होता, आणि तो कळल्यावाचून या पुलाचे नावसुद्धा नीट कळावयाचे नाही.

नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील गावोगावच्या भातजमिनी व मिठागरे संपादन झाली. उरणास तेल व नैसर्गिक वायू आयोगाचा प्रकल्प आला. न्हावा व शेवा या गावांच्या किनाऱ्यावर नवे बंदर करावयाचे ठरले. तेच १९८९ च्या मे महिन्यात सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर. जमिनीच्या मोबदल्यासाठी जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवशी जासईजवळ दास्तान फाट्यावर व पागोटे येथे गोळीबार झाला आणि पाच शेतकरी प्राणास मुकले. त्या आंदोलनातून, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत द्यावा, हे तत्त्व पुढे मान्य झाले. आज सेतू जेथे जमिनीवर उतरतो ते चिर्ले आणि तो दास्तान फाटा एकाच परिसरात आहेत. सेतूवरून भरधाव उतरणाऱ्या प्रवाशास हे ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून येथे मुद्दाम नमूद केले.

आणि शेवा? ‘शिवडी–न्हावाशेवा’ या जोडनावातील शेवा हे गाव होते. बंदरासाठी ते उठले. त्यांतील शेतकऱ्यांची वस्ती नवीन शेवा या नावाने वसविण्यात आली आणि कोळ्यांची हनुमान कोळीवाडा या नावाने उरणजवळ. कोळीवाड्याच्या वाट्यास आलेल्या जागेत वाळवीचा इतका उपद्रव की घरांची लाकडे पोखरून निघाली. योग्य पुनर्वसन व्हावे या मागणीसाठी त्या लोकांच्या पिढ्या खेटे घालीत राहिल्या. भारतातील एवढ्या मोठ्या सेतूस ज्या गावाचे नाव, ते गाव मूळच्या जागी नाही. गावाचे नाव अमर झाले हे खरे. पण नाव हे काही घर नव्हे.

सेतूची घडण

वाल्मीकींनी युद्धकांडात नलाच्या सेतूची रोजची मोजदाद दिली आहे. पहिल्या दिवशी चौदा योजने, नंतर वीस, एकवीस, बावीस आणि पाचव्या दिवशी तेवीस, मिळून शंभर. काम हातवळणी पडले की गती वाढते, हे कवीने किती अचूक टिपले आहे! मराठीची पूर्वज जी माहाराष्ट्री प्राकृत, तिच्यातील सर्वांत नामांकित महाकाव्य ‘सेतुबंध’ हेही याच विषयावर आहे, व ते वाकाटक राजा प्रवरसेन याच्या नावावर आहे. आपल्या भाषेच्या पूर्वजाने आपले एवढे मोठे काव्य एका पुलावर खर्ची घातले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आमच्या सेतूस पाच दिवस नव्हे, पावणेसहा वर्षे लागली. त्यांत महामारीचा काळही गेला. खर्च सुमारे १७,८४० कोटी रुपये. पोलाद सुमारे १,७७,००० टन व सिमेंट ५,००,००० टनांहून अधिक लागले. काम भाग पाडून देण्यात आले होते. त्यांत लार्सन अँड टुब्रो व टाटा प्रोजेक्ट्स या भारतीय कंपन्यांबरोबर जपानची आयएचआय व कोरियाची देवू याही होत्या. शंभर वर्षे टिकावा अशा हिशेबाने त्याची घडण केलेली आहे.

बांधणाऱ्यांपुढे मुख्य अडचण तीन प्रकारची होती. पहिली, खाडीचा तळ : वर चिखल, खाली खडक, तेव्हा चिखल भेदून खडकापर्यंत खांबांचे पाय न्यावे लागले. दुसरी, वाहतूक : खालून जहाजे जातात आणि तळावरून तेलाचे नळ गेलेले आहेत, तेथे खांब जवळजवळ रोवता येत नाहीत. दोन खांबांतील अंतर वाढविले तर वरचा काँक्रीटचा गाळा स्वतःच्याच भाराने वाकू लागतो. यावर उपाय म्हणून अशा ठिकाणी काँक्रीट सोडून पोलादी पेट्यांचे गाळे वापरले. पोलादी पत्र्याच्या खालच्या अंगास उभ्या-आडव्या बरगड्या जोडलेल्या असतात. त्यामुळे वजन कमी राहून बळ वाढते. भारतात अशी रचना प्रथम याच सेतूवर झाली. असे सत्तर गाळे आहेत व त्यांतील सर्वांत लांब १८० मीटरचा आहे. परदेशांत घडविलेले यांचे भाग जहाजांनी आणून कित्येक गाळे आमच्या करंज्याच्या बंदरात जोडण्यात आले आणि मोठ्या तराफ्यांवरून समुद्रात नेऊन चढविले. ज्या करंज्यात मचवे बांधण्याची व डागडुजीची ठाकठोक ऐकू यावयाची, तेथे दोन हजार टनांहून जड असे पोलादी गाळे तयार होताना आमच्या कोळी बांधवांनी पाहिले.

तिसरी अडचण शेजाऱ्यांची. शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, ज्यांस आता सर्रास फ्लेमिंगो म्हणतात. त्यांस त्रास होऊ नये म्हणून आवाज अडविणाऱ्या भिंती लावल्या. ट्रॉम्बेस भाभा अणुसंशोधन केंद्र. म्हणून त्या बाजूची दृष्टी अडविण्यासाठी काही किलोमीटर आडोसा उभारला. आणि ज्यांची जाळी या खाडीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आली त्या मच्छीमारांस नुकसानभरपाई देण्यात आली. ती एकदा मिळते. जाळे रोज टाकावे लागते. हा फरक भरपाईच्या कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

सेतू कोणाचा?

उपकार मानावे तेथे मानलेच पाहिजेत. उरणचा अत्यवस्थ रोगी आज रात्री दोन वाजता, भर पावसात, ओहोटी असताना मुंबईस नेता येतो. शिवडीस उतरले की परळची केईएम व टाटा ही रुग्णालये जवळच. चिर्ल्यापासून शिवडीपर्यंत वीस मिनिटे पुरतात. पूर्वी सकाळची वाट पाहत ज्या घरांत रात्री निघाल्या, त्या घरांस या वीस मिनिटांचे मोल सांगावयास नको. या एका गोष्टीसाठीदेखील हा सेतू धन्य होय.

तथापि हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. खुला झाला त्या वेळी मोटारीस एका खेपेचा पथकर २५० रुपये व जाऊन-येऊन ३७५ रुपये असा ठरला. दुचाकी, तीनचाकी रिक्षा व ट्रॅक्टर यांस सेतूवर मज्जाव. वेगाच्या मार्गावर सुरक्षिततेसाठी हा नियम आवश्यक असेल. पण आमच्या तालुक्यात घरटी वाहन म्हणजे दुचाकीच. सेतू व्हावयाच्या आधी दररोज सुमारे ७०,००० वाहने जातील असा अंदाज होता. पहिल्या वर्षाची सरासरी २२–२३ हजारांच्या आसपास भरली. मार्ग रिकामा आहे आणि पलीकडे जावयाची इच्छा असलेली माणसे मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहत उभी आहेत, असे हे चित्र आहे.

योगायोग असा की त्याच १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतची आगगाडीही सुरू झाली. खारकोपरपर्यंत ती २०१८ साली आली होती. पुढचा उरणचा टप्पा त्या दिवशी खुला झाला. एकाच दिवशी उरणास मुंबईचे दोन रस्ते मिळाले. एक समुद्रावरून सरळ, मोटारवाल्यांचा. दुसरा खाडीस वळसा घालून, नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलून, तिकीटवाल्यांचा. आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीमुलांनी व चाकरमान्यांनी दुसरा पत्करला. त्यांस कोणी विचारले असते तर त्यांनी पहिला नको म्हटले नसते.

या ठिकाणी माहीमच्या बांधरस्त्याची कथा आठवते. त्या कामास सरकारजवळ पैसा नव्हता. तेव्हा लेडी जमशेटजी जीजीभाई, म्हणजे अवाबाई, यांनी १,५७,००० रुपये स्वतः दिले. आणि त्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून पथकर घेऊ नये, अशी अट घातली असे सांगतात. १८४५ च्या काळातील दीड लक्ष ही रक्कम लहान नव्हती. आज एवढ्या मोठ्या सेतूचे कर्ज फेडावयाचे असता पथकरच नको म्हणणे हा भाबडेपणा होईल. पण अवाबाईंच्या अटीमागील विचार जुना झालेला नाही. पायी चालणाऱ्यास उपयोगी पडला तरच रस्ता पुरा झाला, हा तो विचार.

ब्राझील देशात रिओ शहर व समोरचे नितेरॉय यांस जोडणारा तेरा किलोमीटरांचा पूल १९७४ साली झाला. आज त्यास पन्नास वर्षे लोटली. तरी सामान्य माणसे उपसागर ओलांडावयास अद्याप बोटींचा आश्रय करतात, आणि त्या बोटी नीट चालविणे ही सरकारी जबाबदारी मानली जाते. पूल झाला म्हणून बोट निकामी ठरत नाही, हा त्यातील बोध. आमच्याही बाबतीत उपाय दूरचा नाही. माफक भाड्याच्या बसगाड्या सेतूवरून उरणच्या गावांपर्यंत पुरेशा संख्येने याव्यात, आणि मोऱ्याच्या धक्क्याचा गाळ वेळेवर काढून लाँच बारा महिने धक्क्यास लागावी. एवढ्याने सेतूचा लाभ मोटार नसलेल्या घरापर्यंत पोहोचेल.

पुढचा बांध

सेतूचा खरा परिणाम रहदारीवर नव्हे, जमिनीवर होतो. रस्ता येतो त्याच्या मागोमाग मोजणीची साखळी येते. २०२४ साली उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांचे क्षेत्र ‘कर्नाळा–साई–चिरनेर’ या नव्या नगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. लोक त्यास तिसरी मुंबई म्हणू लागले आहेत. पनवेलजवळचे नवे विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाले. करंजा व रेवस यांमधील खाडीवर पूल व्हावा ही जुनी कल्पना. तिचेही काम हाती घेण्यात आले आहे. ज्या गावांत पन्नास वर्षांपूर्वी तिन्हीसांजेनंतर रस्त्यावर माणूस दिसत नसे, तेथे आता जमिनीचा भाव विचारणारा अनोळखी मनुष्य सकाळीच ओट्यावर येऊन बसतो.

नवे नगर नको, असे आमचे म्हणणे नाही. मुंबईस श्वास घ्यावयास जागा हवी आणि आमच्या मुलांस उद्योग हवा, या दोन्ही गोष्टी खऱ्या. पण पहिल्या खेपेस येथील शेतकऱ्यास आपला वाजवी मोबदला गोळ्या झेलून मिळवावा लागला, आणि शेव्याच्या कोळ्यास चाळीस वर्षांत धड घर मिळाले नाही. दुसऱ्या खेपेस तसे होऊ नये, यासाठी आधीच बांध घालून ठेवला पाहिजे. हा बांध मातीचा नव्हे, कायद्याच्या माहितीचा व शिक्षणाचा. सातबारा स्वतः वाचता आला पाहिजे; कागदावर काय लिहिले आहे ते समजल्यावाचून अंगठा किंवा सही होता कामा नये; घरातील लेकीसुनांची नावे हिश्श्यातून गळत नाहीत ना, हे पाहिले पाहिजे; आणि मिळालेला पैसा मोटारीत व मांडवात न घालविता मुलांच्या विद्येत घातला पाहिजे. आमच्या तालुक्यातील शिक्षकमंडळींनी, निवृत्त झालेल्यांनीही, गावोगाव बसून हे कागद लोकांस वाचून दाखविण्याचे काम पत्करले तर त्याहून मोठी देशसेवा मला दिसत नाही. काही ठिकाणी तरुणांनी तसा आरंभ करण्यास अडचण ती कसली?

मुंबई-पुण्याकडील पुष्कळ वाचकांचा या सेतूवरून जाण्याचा प्रसंग आता वारंवार येईल. शिवडीहून निघाल्यावर उजव्या हातास घारापुरीचे डोंगर दिसतील, पुढे बंदराच्या उंच याऱ्या दिसतील. बरोबर मुले असतील तर त्यांस ते अवश्य दाखवावे. आणि किनारा जवळ आला म्हणजे खालच्या खारजमिनीकडेही बोट करावे. तेथे काही ठिकाणी अद्याप मातीचे जुने बांध शिल्लक आहेत. तोही सेतूच आहे, आणि त्याच्यामागे अजून भात पिकते, एवढे त्यांस सांगावे.